एक टकटक म्हणजे हो

ओटीत आलेले नारळ घरात कसे साठतात ते बायकांना विचारा. टाकता येत नाहीत, आल्याबरोबर दुसऱ्याच्या ओटीत घालता येत नाहीत, आणि रोज उठून खोबऱ्याच्या वड्या खाणार कोण? ओट्याखालच्या टोपलीत ते पडून राहतात. कुणी आलं-गेलं की एक काढायचा, कानाशी हलवून बघायचा, आत पाणी वाजलं की फोडायचा.

ह्यांच्या युनिव्हर्सिटीतले किस्से माझ्याकडे असेच साठलेत. मी काही तिथे नोकरीला नव्हते. माझी नोकरी म्हणजे बेव्हर्ली पार्कमधलं हे घर, देवघर आणि वर्षभराची व्रतं. पण हे भूगोलाचे प्रोफेसर, आणि ह्यांच्या निवृत्तीच्या वर्षी ऑफिसचा ईमेल आणि टेबलावरच्या फोनचा व्हॉइस मेल ही दोन्ही लेकरं फिरत फिरत माझ्याच ओटीत येऊन पडली. त्यातले काही नारळ आज काढते. एक मी अजून हलवूनही बघितलेला नाही. तो शेवटी.

*

पहिला आषाढातला. युनिव्हर्सिटीत असं आहे, की निवृत्त होणाऱ्या माणसाने आधी कॉम्प्युटर सेंटरला जाऊन आपल्या मेलचं आणि फोनवरच्या निरोपांचं पुढे काय होणार ते समजून घ्यायचं. ह्यांचा मोतीबिंदू पिकला होता, पायऱ्या धड दिसत नव्हत्या, म्हणून बरोबर मी.

सेंटरच्या प्रमुख फर्नांडिस मॅडम. चष्मा साखळीला अडकवलेला, आणि टेबलावर येशूच्या छोट्या तसबिरीपुढे मोगऱ्याची दोन ताजी फुलं. मला बाई तिथेच आवडली.

"सर, तुमची लास्ट डेट झाली की मेल बंद," त्या म्हणाल्या. "कुणी पाठवला तर परत जाणार. फोनचा व्हॉइस मेल पण बंद. जे पाहिजे ते आधी काढून घ्या. नंतर माझ्याकडे येऊन रडायचं नाय. मग सिस्टममध्ये तुमच्या नावापुढे येणार, एक्सपायर्ड."

"काय येणार?" मी विचारलं.

"एक्सपायर्ड. मिसेस पाटील, सिस्टमला दोनच गोष्टी कळतात. ॲक्टिव्ह आणि एक्सपायर्ड."

"मॅडम, लग्न झाल्यापासून दर ज्येष्ठात मी वडाला फेऱ्या घालते. पाणीसुद्धा पीत नाही त्या दिवशी. आणि तुमचं मशीन ह्यांच्या नावापुढे हे लिहिणार?"

हे म्हणाले, "अगं, ते अकाउंटबद्दल आहे."

"असू दे. नाव तर तुमचंच आहे ना?"

फर्नांडिस मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग शेऱ्याच्या जागी काहीतरी टाइप करून स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिथे लिहिलं होतं: अकाउंट एक्सपायर्ड होणार, सर ठणठणीत.

*

त्या दिवशी बाहेर पडताना ह्यांनी मॅडमना एकच गोष्ट विचारली होती. "मेल आणि फोन थोडे दिवस जास्त चालू ठेवता येतील का?" मॅडम नाही म्हणाल्या. का विचारलं ते मला माहीत होतं. मॅडमना नव्हतं.

दर्शना म्हणून ह्यांची एक विद्यार्थिनी. तारोडीची, कोळ्यांची मुलगी, घरात कॉलेजात गेलेली पहिली. ह्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. किनाऱ्यावरची वाळू कुठून उठते आणि कुठे जाऊन बसते, असा विषय. फील्डवरून परतताना आमच्याकडे जेवायला थांबायची. चपला काढायच्या आधीच बोलायला सुरुवात. "काकू, आमच्या खडकावर या वर्षी वाळू आलीच न्हाय, गेली कुठं सांगा." ताटातलं वरण गार व्हायचं. मी म्हणायचे, "अगं, आधी घास घे, वाळू कुठे पळून जात नाही." त्यावर ती म्हणायची, "जाते काकू. तोच तर विषय हाय."

होळीच्या सुमारास तिच्या कामाची तपासणी करायला बाहेरचे तज्ज्ञ आले. एकाने इंग्रजीत काहीतरी खोचक विचारलं. उत्तर तिला येत होतं, पण घाईत तोंडून निघालं, "न्हाय सर, तसं न्हाय." एक जण हसला. मग दुसरा. मग खोलीतले बरेच जण. दर्शनाने लॅपटॉप मिटला, खुर्ची नीट आत सरकवली आणि निघून गेली. त्यानंतर तिचा मोबाइल लागला नाही आणि ह्यांच्या मेलला उत्तर आलं नाही.

ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं. "मी हसलो नाही गं," म्हणाले. हात धुऊन पाटावर बसले, आणि मग म्हणाले, "पण बोललोही नाही काही."

ह्यांच्या जागी विभागप्रमुख होणारे डॉक्टर दवे भला माणूस. आमच्या शेजारच्या भाईंदरचेच. ते म्हणाले, "सर, मुलगी परत आली तर मी घेतो माझ्या हाताखाली. काम एकदम सरस आहे तिचं. पण तिने स्वतः यायला पाहिजे. ओढून आणलेली नको."

आता ह्यांचा एक जुना दंडक. विद्यार्थ्यांना स्वतःचा मोबाइल नंबर द्यायचा नाही, कामाचं बोलणं ऑफिसच्या मेलवर आणि ऑफिसच्या फोनवर. म्हणजे दर्शनाला बोलावंसं वाटलंच, तर तिच्यापाशी हीच दोन दारं. आणि दोन्ही ह्यांच्या निवृत्तीबरोबर बंद होणार.

मी श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सोळा सोमवारांचा संकल्प सोडला. त्यात माझ्या पदरची भर घातली: दर सोमवारी उठल्यापासून संध्याकाळच्या आरतीपर्यंत मौन. पोर बोलत नाही ना, मग मीही बोलणार नाही.

ह्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाकीच्या वारांचं काही करता येईल का?"

*

मौनाचा किस्सा फर्नांडिस मॅडम अजून सगळ्यांना सांगतात.

ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि हे साठलेल्या रजेवर घरी बसले. सोमवारची दुपार होती. हे औषध घालून झोपलेले, आणि ह्यांचा फोन वाजायला लागला. जागे होतील म्हणून मी उचलला, आणि मग लक्षात आलं की मला बोलायचं नाही.

"हॅलो? सर? हॅलो?"

मी गप्प.

"हॅलो, कोण आहे?" मग थोडं थांबून, "आज सोमवार ना? मिसेस पाटील, तुम्ही आहात काय? सर सांगत होते तुमच्या मौनाचं. असं करा, एक टकटक म्हणजे हो, दोन टकटक म्हणजे नाही. तुम्हीच आहात?"

मी नखाने फोनवर एकदा वाजवलं.

"सर झोपलेत?"

टक.

"त्यांचा पासवर्ड जुना झालाय. मेल लॉक होणार. उद्या फोन करू?"

टक.

"किती वाजता?"

हे अकराला चहा घेऊन मोकळे होतात. मी अकरा वेळा वाजवलं. पलीकडे मॅडम मोजत असाव्यात. मग मॅडमचा आवाज आला, अगदी गंभीर.

"मिसेस पाटील, हे अकरा वाजता म्हणून सांगताय, का पाच वेळा नाही आणि एकदा हो?"

*

ऑपरेशनमुळे ह्यांना महिनाभर स्क्रीन बंद होती. मेल मी वाचून दाखवायचे. दर्शनाचं नाव दिसतं का, ते आधी बघायचं. दिसायचं नाही. मग बाकीचे.

रजेवर असताना मेलला आपोआप जाणारं उत्तर लावायचं असतं, तेही माझ्याकडे आलं. ह्यांनी सांगितलं, "लिही, मी रजेवर आहे, कामासाठी डॉक्टर दवे यांच्याशी संपर्क साधावा." मी लिहिलं. पण मनात आलं, समजा दर्शनाने आज लिहिलं, तर तिला एवढं कोरडं उत्तर मिळणार? म्हणून खाली चार ओळी वाढवल्या. सरांचं ऑपरेशन नीट झालं आहे, काळजी नसावी. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी आमच्याकडे सोळा सोमवारांचं उद्यापन आहे. प्रसादाला अगत्य यावे. आणि घरचा पत्ता.

ते उत्तर मेल करणाऱ्या प्रत्येकाला जातं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण प्रत्येक म्हणजे किती, हे ठाऊक नव्हतं.

परदेशातल्या एका संपादकाने इंग्रजीत विचारलं, की कार्यक्रम ऑनलाइन बघता येईल का. युनिव्हर्सिटीच्या एका मोठ्या कार्यालयाने कळवलं, की साहेब दौऱ्यावर असल्याने प्रतिनिधी येईल. दवेंचा फोन आला. "भाभी, सरांना एक फाइल पाठवली, तर प्रसादाचं आमंत्रण आलं. महादेवचा प्रसाद आहे, ना कसं म्हणणार? आमचे चार माणस धरा." आणि कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणून जो कुणी सगळ्यांना मेल पाठवत असतो, त्याने हिंदीत लिहिलं, "मॅडमजी, प्रसाद का टाइम क्या है?"

हे गॉगल लावून पलंगावर बसले होते. मी एकेक वाचत होते आणि ह्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी आपोआप उत्तरं पाठवतोय. मला कधी कुणी उलट लिहिलं नाही."

मी त्या ओळी काढल्या नाहीत. प्रसादाच्या चूर्म्यासाठी गहू मात्र जास्त आणले.

*

दसरा झाल्यावर डॉक्टरांनी ह्यांना बाहेर पडायला परवानगी दिली, तो नेमका सोमवार निघाला. हे म्हणाले, "आजच तारोडीला जाऊ. पुन्हा माझा धीर होणार नाही." मी मान हलवली. ह्याहून जास्त काही मला करता येत नव्हतं.

दर्शनाचं घर किनाऱ्यापासून आत, गल्लीत. तिची आई हिराबाय अंगणात सुकट वाळत घालत होती. ह्यांना पाहून पदर सावरून उठली. खुर्च्या आल्या, पाणी आलं.

"पोर घरात हाय सर," ती हळूच म्हणाली. "जेवते, काम करते, सगलं करते. पन बोलत न्हाय. कामापुरतं हूं म्हनते. बाहेर येनार न्हाय ती, तुमी राग धरू नका." मग माझ्याकडे वळली. "बाय, तू तरी सांग कायतरी तिला."

मी हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवलं.

हिराबाय माझ्याकडे बघतच राहिली. "अरे देवा. तू पन बोलत न्हाय? ही काय साथ आली काय?"

तेव्हा हे मोठ्याने म्हणाले. मला वाटतं, गरजेपेक्षा थोडं मोठ्यानेच. "सोमवारचं मौन आहे हिचं. दर्शना बोलेपर्यंत."

आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला. आम्ही निघेपर्यंत पुन्हा सुरू झाला नाही.

निघताना हिराबायने सुकटीचं पुडकं माझ्या हातात दिलं. वर कागद, आत पिशवी, तरी वास लपतो थोडाच? सोमवारचा उपास, व्रताचे दिवस, घरात महिनोन् महिने मासळी आलेली नाही. पण तिने दोन्ही हातांनी दिलं, तर मीही दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. परतीच्या बसमध्ये आमच्या शेजारी कुणी बसलं नाही.

मंगळवारी ह्यांना सेंटरला काम होतं. पुडकं मी फर्नांडिस मॅडमना दिलं. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले आणि टेबलाच्या खणात ठेवलं. मी लगेच विचारलं, "मॅडम, ते अकाउंट जरा वाढवता आलं तर..."

"मिसेस पाटील," त्या म्हणाल्या, "सुकट वेगळी, सिस्टम वेगळी." मग म्हणाल्या, "पण कशासाठी पाहिजे ते तरी सांगा." मी सगळं सांगितलं.  त्यांनी तसबिरीपुढच्या दोन फुलांतलं एक माझ्या हातात ठेवलं.

*

आता व्हॉइस मेलचं सांगते. ऑफिसच्या फोनवर आलेले निरोप घरून ऐकता येतात. नंबर फिरवायचा, पिन दाबायचा, आणि मशीनमधली बाई सांगते किती निरोप आहेत ते. सोमवारी मला बोलायचं नसतं, पण ऐकायला काय हरकत? म्हणून स्पीकर लावून निरोप ऐकणं हे आमचं सोमवारचं काम होऊन बसलं.

तारोडीहून आल्यापासून दर सोमवारी एक कोरा निरोप असायचा. रविवारी दुपारी आलेला. कुणी बोलायचं नाही. हे म्हणायचे "राँग नंबर" आणि पुसून टाकायचे.

तिसऱ्या सोमवारी मी ह्यांचा हात धरला. चुकून लागलेला नंबर माणूस लगेच ठेवतो. हा माणूस ठेवत नव्हता. मशीन स्वतः बंद होईपर्यंत थांबत होता. मी मौनासाठी आणलेल्या पाटीवर लिहून दाखवलं: पुन्हा लावा.

पुन्हा लावला. पंख्याची घरघर. कावळा. श्वास. आणि अगदी शेवटी, लांबून, दुसऱ्याच कुणाची तरी हाक: "सुकट झाकलीस का गो?"

हे उठून खिडकीपाशी गेले. गॉगल लावायची गरज आता उरली नव्हती, तरी लावला.

*

मंगळवारी मी विभागात गेले आणि ह्यांच्या फोनवर नवा निरोप भरला. फोन करणाऱ्याला आधी जो ऐकू येतो, तो. पहिला भाग दवेंनी सांगितला तसा: प्रोफेसर पाटील रजेवर आहेत, वगैरे. दुसरा भाग माझा:

"रविवारी फोन करणाऱ्यासाठी काकूंचा निरोप. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, बाळ. मीही सोमवारी बोलत नाही. फक्त बरी आहेस का ते सांग. बोटाने फोनवर वाजव. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही."

दवे डोकं खाजवत उभे होते. "भाभी, कुलगुरूंनी फोन केला तर?"

"रविवारी दुपारी करतील का ते?"

"ना. रविवारी झोपतात."

"मग झालं तर."

पुढच्या सोमवारी आम्ही पूजेची तयारी अर्धी टाकून फोन लावला. निरोप एकच होता. पंखा. श्वास. किती वेळ गेला कोण जाणे, मला वाटलं आता मशीन बंद होणार. आणि मग आवाज आला.

टक.

आम्ही वाट बघितली. दुसरा आला नाही.

"परत लाव," हे म्हणाले. मी परत लावला. त्या संध्याकाळी आरतीला हे माझ्या आधी उभे राहिले.

*

त्यानंतर एकच आठवडा हातात होता. ह्यांचा शेवटचा दिवस शुक्रवार. दर्शना फोन करायची रविवारी. म्हणजे पुढचा रविवार यायच्या आत व्हॉइस मेल बंद. मी पुन्हा फर्नांडिस मॅडमकडे गेले.

"शुक्रवारी पाचला निरोप घेणं बंद होणार," त्या म्हणाल्या. "ते सिस्टम स्वतः करते, माझ्या हातात नाय. पण ग्रीटिंग, म्हणजे तुम्ही भरलेलं बोलणं, ते मी काढते, माझ्या हाताने. ते सोमवारी सकाळी काढलं तर कोण विचारणार मला?"

"म्हणजे रविवारी फोन केला तर..."

"तर तुमचं बोलणं ऐकू येणार. पण पुढे बीप होणार नाय. तिला काही सांगता येणार नाय. टकटक पण नाय."

विचारायचं, पण उत्तराला जागा नाही. देवापुढे आपण रोज दुसरं काय करतो? मी म्हटलं, चालेल.

शुक्रवारी निरोपसमारंभ झाला. शाल झाली, श्रीफळ झालं. तेही आता ओट्याखाली आहे. हारतुरे टेबलावर ठेवून हे आपल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि नवा निरोप भरायला फोन उचलला. मला वाटलं मी बोलायचं आहे. हे म्हणाले, "आधी मी."

मी ह्यांना वर्गात शिकवताना कधी ऐकलं नव्हतं. तसा आवाज असेल, सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"दर्शना, मी पाटील सर. त्या दिवशी तू बरोबर होतीस. तसं नव्हतंच. मी तेव्हाच सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं, ते आज बोलतोय. तुझं काम कपाटात जसंच्या तसं आहे. किल्ली दवे सरांकडे दिली आहे, ते तुझी वाट बघत आहेत."

मग फोन माझ्याकडे दिला. माझ्या मनात पुष्कळ होतं, पण एकच विचारलं.

"सोमवारी उद्यापन आहे, बाळ," मी म्हटलं. "येशील का?"

*

रविवारी आम्हा दोघांपैकी कुणी त्या फोनचं नाव काढलं नाही. हे गूळ किसत बसले. इतक्या वर्षांत गूळ किसलेला नव्हता ह्यांनी.

सोमवारी संध्याकाळी घर भरलं. दवेंची चार माणसं आली, त्यांच्याबरोबर न मोजलेली दोन आली. फर्नांडिस मॅडम मोगऱ्याचा गजरा घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरात शिरून पानं पुसायला लागल्या. मोठ्या कार्यालयाचा प्रतिनिधी आला, त्याला बिचाऱ्याला भाषण करायचं आहे असं वाटत होतं. कर्जवाल्याचा ह्यांच्या मोबाइलवर निरोप आला, कारण तो नंबर आता हे सगळ्यांना देत होते: "ट्रॅफिक में हूँ, प्रसाद रख देना."

प्रत्येक जण आला की दाराची बेल वाजायची. आमची बेल चिमणीसारखी आहे, चिवचिव करते. इतक्या वेळा चिवचिवली, की दवेंचा नातू चिमणी शोधत फिरत होता. प्रत्येक चिवचिवीला हे दाराकडे बघायचे आणि मग आलेल्या माणसाला दुप्पट अगत्याने आत घ्यायचे.

चूर्म्याचे तीन भाग केले. एक देवाचा, एक वाटायचा, एक घरचा. पानं मांडली. एक पान जास्त मांडलं, ते ह्यांनी पाहिलं आणि सरळ केलं. फर्नांडिस मॅडमनी त्या पानापुढे पाण्याचा पेला ठेवला.

आरती करायची राहिली होती, म्हणजे माझं मौन अजून सुटलं नव्हतं. हे निरांजन लावत होते. सगळे उभे राहिले, कुणीतरी टाळ हातात घेतले, आणि आरती सुरू व्हायच्या आधी घर गप्प होतं ना, तसं क्षणभर गप्प झालं.

तेव्हा दारावर टकटक झाली. एकदाच.

ह्यांनी निरांजन खाली ठेवलं. फर्नांडिस मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. दवेंचा नातू म्हणाला, "बेल का नाही वाजवली?" 

मी दारापाशी गेले. कोण आहे, असं विचारायचं असतं, ते मला विचारता येत नव्हतं. कडीवर हात ठेवला, आणि आधी दाराच्या आतल्या बाजूने, नखाने, मीही एकदा वाजवलं.